नोनी मॅरिननची चढी पट्टी

नोनी मॅरिननच्या दाराचा वरचा अर्धा भाग मे महिन्यात भर दुपारी बंद दिसला, तेव्हाच मी आमच्या हिला म्हटलं, समोर काहीतरी शिजतंय आणि ते बटाटे नक्कीच नाहीत. आमच्या पश्चिम क्लेअरमध्ये दारं आडवी दुभागलेली, वरचा भाग दिवसभर उघडा; तो बंद ठेवणारं माणूस एक तर आजारी असतं, नाहीतर फादर घरी येऊन बोलून गेलेले असतात. नोनी सहासष्ट वर्षांत कधी आजारी पडली नव्हती. आणि फादर तिला घाबरतात.

गावात मला चहाडखोर म्हणतात. म्हणोत बापडे. क्लूनाराला वर्तमानपत्र आठवड्यातून एकदा येतं, मधले सहा दिवस कुणीतरी भरून काढायला नको? माझं घर नोनीच्या समोर, मध्ये फक्त रस्ता. मी भाड्याची मोटार चालवतो आणि आमच्या नाचाच्या बँडमध्ये ढोल बडवतो. ढोलाला पट्टी नसते. त्यामुळे त्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, पट्टीवरून जे भांडण पेटलं त्यात कुठलीच बाजू नसलेला मी एकटा होतो. दोन्हीकडची माणसं माझ्यापाशी येऊन मन मोकळं करायची, आणि ते मन पलीकडे सुखरूप पोचेल एवढी काळजी मी घ्यायचो.

हा बँड जन्मला नोनीच्या स्वयंपाकघरात, त्याच्या बत्तीस वर्षं आधी. आमच्याकडची रीत अशी, की पुरुषांनी फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि बासरी वाजवायची आणि बायकांनी कॉन्सर्टिना. दोन तळव्यांत मावणारी सहाकोनी पेटी, मधे भाता, दोन्ही बाजूंना बटणं. दर रविवारी दुपारी नोनी चुलीशेजारी पेटी घेऊन बसायची, तिचा भाऊ फिडल घेऊन समोर, आणि आठ माणसं दगडी फरशीवर नाचायची. त्या फरशीवरच आमचं वाजवणं घडलं. गॉलवेचे लोक गोड वाजवतात, केरीचे पळत सुटतात. आम्ही चालतो. टाच फरशीवर पडलेली ऐकू आली पाहिजे. नोनीच्या पेटीत ती टाच होती. ती जरा घाईत आली की नोनी वाजवणं न थांबवता नाचणाऱ्याकडे असं बघायची, की त्याचे पाय आपोआप जागेवर यायचे. लग्न तिनं केलं नाही. दोघांनी विचारलं होतं. एकाचा ताल कच्चा होता म्हणून आणि दुसऱ्याचा पक्का असूनही त्याची आई कच्ची होती म्हणून, असं ती स्वतःच सांगते.

फक्त तिच्या पेटीचा सूर चढा होता. पियानोच्या सुरापेक्षा जेमतेम पाव सूर वर, पण वर. फिडलची खुंटी पिळता येते, बासरीचा सांधा आत ढकलता येतो. पेटीचं तसं नाही. तिचा जो सूर आहे तो आहे. म्हणून सगळ्यांनी नोनीशी जुळवून घ्यायचं, हा क्लूनाराचा कायदा. बत्तीस वर्षं इथं जो कुणी फिडल शिकला, तो तारा तेवढ्या ताणूनच शिकला. बाहेरचा फिडलवाला आमच्यात येऊन बसला की तासाभरात एक तार तोडून घ्यायचा, आणि आम्ही त्याला नवी द्यायचो. आमच्या वाजवण्यात एक कडक चमक आहे असं लोक म्हणायचे, ती ही.

अठ्ठावन्नच्या आदल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत माशी शिंकली. हल्ली पियानोशिवाय बँडला कुणी बँड म्हणत नाही, म्हणून आम्ही शाळेत नव्या आलेल्या ॲट्रॅक्टा क्वीली बाईंना घेतलं. गावात पियानो एकच, तोही फादरांच्या बैठकीत, आणि तिथं कुणी मोकळेपणानं पाय आपटणार नाही. तेव्हा तालीम नोनीकडेच व्हायची, आणि क्वीली बाई टेबलाच्या फळीवर बोटं आपटून सराव करायच्या. टेबल अर्थातच कुणाशीही बेसूर झालं नाही. स्पर्धेच्या मंचावर खरा पियानो समोर आला तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. नोनीचा भाचा पॅकी मॅरिनन, बापामागून बँडचा म्होरक्या झालेला, त्यानं तिथल्या तिथं फिडल उतरवून पियानोला लावली. मार्टी हॉनं बासरीचा सांधा ओढला. नोनीनं काय ओढायचं? परीक्षकानं कागदावर लिहिलं: "कॉन्सर्टिना बेसूर. बाकी वादन उत्तम." आमचा चौथा नंबर.

तो कागद पॅकीनं वर्षभर खिशात ठेवला. पॅकी माणूस वाईट नाही, पण चाळिशी आली आणि बक्षीस आलं नाही, की माणसाला आपल्या हातापेक्षा दुसऱ्याचं वाद्य जास्त दिसायला लागतं. मार्चमध्ये तो नोनीकडे गेला. काय झालं ते मला त्यानं त्याच दुपारी सांगितलं आणि नोनीनं संध्याकाळी, आणि दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळलं, म्हणजे खरंच असणार.

"आत्या," तो म्हणाला, "लिमरिकला एक माणूस आहे, पेट्यांचे सूर घासून उतरवून देतो. मी घेऊन जातो."

"आणि नाही दिली तर?"

पॅकीनं चुलीकडे पाहिलं. "तर यंदा आम्ही पेटीशिवाय जातो."

तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच खुर्चीवर बसून. तिनं त्याला चहा दिला, पावाला लोणी लावून दिलं, आणि म्हणाली, "माझी पेटी लेटीच्या पेटीला लावलेली आहे."

लेटी म्हणजे तिची धाकटी बहीण. ही गोष्ट क्लूनारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मॅरिननांच्या दोघी मुलींना दोन पेट्या होत्या, आणि लेटीची जन्मजात चढी होती. दोघींना एकत्र वाजवायचं होतं. लेटी हट्टी, ती आपल्या पेटीला हात लावू देईना. तेव्हा एकोणीस वर्षांच्या नोनीनं स्वतःची पेटी उघडली. आत प्रत्येक सुराला एक पोलादी पातं असतं, बोटाच्या पेरापेक्षा लहान. तीस बटणं, भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा, म्हणजे साठ पाती. पातं टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि जे घासलं ते परत चिकटत नाही. नोनीनं साठच्या साठ टोकं घासून आपली पेटी लेटीच्या सुराला चढवली. पाच वर्षं दोघी वाजवत होत्या. मग लेटी पेटी घेऊन बॉस्टनला गेली, लग्न केलं, परत आली नाही. नोनी मात्र तिच्या सुरात थांबली. म्हणजे हिशेब असा, की क्लूनारातली प्रत्येक फिडल बॉस्टनमधल्या एका पेटीला लावलेली होती.

"लेटी आली तर?" नोनी पॅकीला म्हणाली. "आम्ही काय एकमेकींचं तोंड बघत बसायचं?"

बेचाळीस वर्षांत न आलेली लेटी आता कशी येईल, हे पॅकीनं विचारलं नाही. तेवढं शहाणपण होतं त्याला. तो उठला, आणि त्या आठवड्यापासून तालीम त्याच्या घरी हलली. तिथं पेटी नाही, पियानो नाही. क्वीली बाई त्याच्या टेबलावर बोटं आपटायच्या आणि सूर पॅकीच्या कानातला.

नोनीनं बॉस्टनला पत्र टाकलं. टपाल माझ्या मोटारीतून जातं. पाकिटावरचा पत्ता वाचणं हे काही पत्र वाचणं नव्हे. मे लागला तसं उत्तर आलं, तेही मीच आणून दिलं आणि दारात जरा रेंगाळलो. तिनं ते माझ्यासमोर उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी दाराचा वरचा भाग बंद.

मी अंडी मागायला म्हणून मागच्या खिडकीशी गेलो. आमच्या घरी अंडी होती, ती गोष्ट वेगळी. आत टेबलावर वर्तमानपत्र, आणि त्यावर पेटी पोट फाडून ठेवलेली. पाती रांगेनं मांडलेली, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा. नोनीच्या नाकावर मेलेल्या भावाचा चष्मा, हातात बापाची गळाच्या हुकांना धार लावायची बारीक कानस. ती एक पातं चिमटीत धरून मुळाशी घासत होती. एकदा. दोनदा. मग फुंकर मारून उजेडात धरायची.

"आत ये मेल्या," मान वर न करता ती म्हणाली. "काचेवर नाक दाबून ठेवलंस तर डाग पडतो, आणि पुसायचा मला."

मी आत गेलो. मला वाटलं होतं ओरडेल. तिनं फक्त कानस खाली ठेवली.

"ऐक, जॉनजो. टोकं मी एकोणिसाव्या वर्षी घासली. आता मुळं घासतेय. मधे नुसती कंबर उरणार. एखादं मोडलं तर मोडलं, पण चारपाच मोडली तर पेटी मेली. तसं झालं, तर मी ही उघडली होती हे कुणाला कळता कामा नये. म्हातारी हट्टाला पेटली, एवढंच कळू दे. झाकून टाकीन आणि गप बसेन."

"आणि नाही मोडली तर?"

"तर व्हिट रविवारी, स्पर्धेला जाताना, मला तुझ्या मोटारीत जागा ठेव. तोवर तोंड शिव. पॅकीला तर अजिबात नाही. तो धावत येईल, माझ्या खांद्यावरून बघत उभा राहील आणि माझा हात हलेल."

सतरा दिवस. मला सतरा मिनिटं गप बसायची सवय नाही. लिमरिकच्या माणसाकडे का देत नाहीस, विचारलं, तर म्हणाली, त्या माणसाला कुठं माहीत आहे मी कुठं कुठं घासलंय.

सूर तपासायला तिला चर्चमधली छोटी हार्मोनियम सापडली, ती पियानोच्याच पट्टीत असते. फुलं बदलायच्या निमित्तानं ती रोज सकाळी लोण्याच्या डब्यात चारपाच पाती घालून तिथं जायची. जाताना पेटीचा सांगाडा शालीखाली. एक एक पातं बसवायचं, भाता दाबायचा, हार्मोनियमशी ताडायचं, काढायचं, घरी येऊन पुन्हा घासायचं. गावानं नोनीला रोज चर्चमध्ये जाताना पाहिलं आणि अर्थ काढला, की पॅकीच्या बँडवर वीज पडावी म्हणून ती नवस बोलतेय. ही अफवा मी पसरवली नाही. मी फक्त खोडली नाही. फादर मात्र खूश होते.

रोज संध्याकाळी मी गायींना आणायला जाताना ती खिडकीतून बोटं दाखवायची. आठ झाली. चौदा झाली. बाविसाव्याला तिनं बोटं दाखवली नाहीत. मी आत गेलो तर पातं मुळाशी मोडून टेबलावर पडलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"कुठलं?"

"डाव्या हाताचं खालचं. ते बटण मी कुठं वापरते फारसं," ती म्हणाली.

बत्तीस वर्षं मी तिच्या शेजारी ढोल वाजवतोय. प्रत्येक रील, म्हणजे आमची नाचाची चाल, संपताना ती तोच खालचा सूर दाबून ठेवते. मी काही बोललो नाही. माझी ही म्हणते, त्या दिवशी मला ताप होता की काय.

पुढे एकही मोडलं नाही. पण सदतिसाव्यापासून तिचा हात दुखायला लागला, आणि रोज तीनच व्हायला लागली. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तिनं पाच बोटं दाखवली: पाच उरली. इकडे पॅकी माझ्या दारात आला. पाय हलवत उभा राहिला, गायींची चौकशी केली, पावसाची केली, शेवटी म्हणाला, "आत्या उद्या येतेय का?"

माझी जीभ दातांपर्यंत आली होती. "मला काय माहीत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"नाहीच यायची ती," पॅकी म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला, की मी दार लावून घेतलं.

व्हिट रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना झाल्यावर पॅकी, मार्टी आणि क्वीली बाई मार्टीच्या दुधाच्या लॉरीतून पुढे गेले. मी ढोल मोटारीत टाकून नोनीच्या दारात भोंगा वाजवला. ती दहा मिनिटं आलीच नाही. मग आली, काळा कोट, पेटीचा डबा, शेकलेल्या बोटांना मीठपाण्याचा वास. शेवटचं पातं मासच्या आधी तासभर झालं होतं.

"चांगली लागलीय?" मी विचारलं.

"हार्मोनियमशी लागलीय. पियानोशी लागली तर देवाची कृपा, नाहीतर फादरांच्या हार्मोनियमची चूक."

तिथून किलब्रीनच्या सभागृहापर्यंत बावीस मैल, आणि आमचा नंबर तीन वाजता. दलदलीच्या अरुंद रस्त्यावर अर्ध्या वाटेत समोरून अंत्ययात्रा आली. पुढे काळी गाडी, मागे पंचवीसेक मोटारी आणि मागे चालणारी माणसं. मी टोपी काढून कडेला थांबलो. नोनी म्हणाली, "वळव."

"नोनी, पावणेदोन झालेत."

"समोरून मयत आलं तर त्याच्याबरोबर थोडं चालायचं असतं. माझ्या आईनं कधी चुकवलं नाही. वळव."

मेला कोण हे तिलाही माहीत नव्हतं. कडेला एका फाटकापाशी जागा होती, तिथं मी वळवली. थोडं चालायचं म्हणजे तीन पावलं, हे पायी चालणाऱ्यांसाठी. मोटारीचं काय? दोन्ही बाजूंना पाण्याचे चर. एकदा रांगेत शिरल्यावर दफनभूमीच्या चौकापर्यंत परत वळायला जागाच नाही. आम्ही उलट्या दिशेनं, बैलाच्या चालीनं, एका अनोळखी माणसाला पोचवायला निघालो. मी घड्याळाकडे बघत होतो. नोनी खिडकीबाहेर.

तिथं तिनं मला पत्राचं सांगितलं, माझ्या तोंडाकडे न बघता.

"लेटीला विचारलं होतं, पेटी घेऊन कधी येणार आहेस. तिनं लिहिलं, कुठली पेटी? ती मुलांनी खेळताना फोडली म्हणे, तीस साली की एकतीस साली. राखेबरोबर बाहेर टाकली." काळी गाडी पुढे वळली. "पुढे लिहिलंय, आता आमच्याकडे पियानो आहे."

 मी विचारलं, राग आला का.

"पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कानस शोधली." तिनं मांडीवरचा पेटीचा डबा सरळ केला. "मी अठ्ठावीस वर्षं राखेला सूर लावून बसले होते, जॉनजो. निदान जिवंत माणसांना तरी लावावा म्हटलं. आता जोरात घे."

चौकात मी मोटार अशी वळवली, की मयताच्या नातेवाइकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. तीनला चार मिनिटं असताना सभागृह दिसलं. दारावरचा माणूस आमच्या गावाचं नाव दुसऱ्यांदा पुकारत होता. तिसऱ्यांदा पुकारून बँड आला नाही तर बाद. पॅकी, मार्टी आणि क्वीली बाई मंचाच्या पायऱ्यांवर उभे, तोंडं पिठासारखी. ढोल नाही तर बँड कसला? मी ढोल पोटाशी धरून धावलो. माझ्या मागून नोनी आली, धावली नाही, पेटी डब्यातून काढत आली.

पॅकीनं तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. "आत्या, पेटी..."

"वर चढ," ती म्हणाली.

त्या वर्षी नवा नियम होता. बँड मंचावर अर्धा तास सूर लावत बसायचे म्हणून आयोजकांनी ते बंदच केलं होतं. खाली अंगणातून लावून यायचं, वर बसायचं, वाजवायचं. आम्ही बसलो. सभागृह गच्च, खिडक्यांतही माणसं. समोरच्या टेबलावर गेल्या वर्षीचाच परीक्षक, डब्लिनचा. त्यानं नोनीला ओळखलं हे मला दिसलं. त्यानं पेन उघडलं. पॅकीनं पाय तीनदा आपटला आणि आम्ही रीलमध्ये शिरलो.

नोनीची पेटी आणि पियानो एकमेकांना असे चिकटले, की मला पेटी कुठं संपते कळेना. पेटीचा आवाज जरा बारीक झाला होता, पण स्वच्छ. सतरा दिवस, एकोणसाठ पाती, आणि एकही चुकलं नव्हतं. मी ढोलावरची काठी फेकून नाचायचाच बाकी होतो. आणि त्याच क्षणी दातांत वाळू आल्यासारखं झालं.

पॅकीची फिडल चढी होती. मार्टीची बासरी चढी होती. दोघं आपापसात पक्के जुळलेले, आणि पियानो-पेटीपेक्षा पाव सूर वर.

अंगणात काय झालं होतं ते क्वीली बाईंनी मला नंतर सांगितलं. त्यांच्या पिशवीत सूर देणारी शिट्टी होती, त्यांनी ती पुढे केली. पॅकी म्हणाला, "बाई, मला सूर सांगायला शिट्टी लागत नाही. तो माझ्या कानात आहे." आणि होताच. आईच्या मांडीवर असल्यापासून होता. तो त्याला पियानोचा सूर समजत होता. तो नोनीचा होता.

पहिला भाग संपून पुन्हा पहिला भाग सुरू झाला. पुढच्या रांगेत कुणीतरी कानाला हात लावला. परीक्षकाची नजर सरळ नोनीच्या पेटीवर गेली, बरोबर गेल्या वर्षीसारखी. पॅकीलाही ते खटकलं होतं. त्याचा गज डळमळायला लागला, आणि त्यानं नोनीकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता. त्याला वाटत होतं, पुन्हा तीच. वाजवताना तार उतरवता येत नाही, आणि एकदा सुरू केल्यावर थांबलं तर बाद.

नोनी बरोबर होती. आयुष्यात पहिल्यांदा पियानो तिच्या बाजूला होता. ती वाजवत राहिली असती तर सभागृहातल्या शहाण्या कानांना कळलं असतं, कोण चुकलंय ते. मला वाटलं, वाजवच. मी तर ढोल जरा जोरात हाणला.

तिनं दुसऱ्या भागाच्या तोंडाशी भाता मिटला. एका हातानं त्याचा पट्टा लावला. मग शेजारच्या पियानोकडे झुकून क्वीली बाईंच्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाली, "राहू द्या, बाई."

पियानो थांबला. फिडल, बासरी आणि माझा ढोल एवढंच उरलं. आणि वाळू गेली. क्लूनाराचा तो जुना कडक सूर, बत्तीस वर्षांचा, एकटा उभा राहिला. पॅकीचा गज एक क्षण अडला, मग सावरला. नोनी पेटी मांडीवर ठेवून बसली आणि टाचेनं फळीवर ठेका धरला. चालीनं, घाई नाही. पॅकी एकदा पळायला लागला तेव्हा तिनं नुसतं पाहिलं, आणि तो जागेवर आला. शेवटी, जिथं ती खालचा सूर दाबून ठेवायची, तिथं फक्त तिची टाच पडली.

टाळ्या चांगल्या पडल्या. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. कागदावर लिहिलं होतं: "फिडल आणि बासरी यांचा मेळ निर्दोष. कॉन्सर्टिना व पियानो यांनी मधेच साथ सोडली, गुण वजा."

मागच्या अंगणात दुधाच्या लॉरीपाशी पॅकीनं तो कागद वाचला. मग नोनीला म्हणाला, निदान थांबलीस हे बरं केलंस.

मी तोंड उघडलं. नोनी म्हणाली, "जॉनजो."

मी मिटलं. पण सतरा दिवसांचं होतं आत, ते मिटून राहीना. मी पॅकीला म्हटलं, "पॅकीबाबा, जरा तुझ्या आत्याची बोटं बघ." बस, एवढंच.

त्यानं बघितलं. उजव्या अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी सोलून लाल झालेली, नखांत पोलादाची काळी पूड. क्वीली बाईंनी पिशवीतली शिट्टी काढली आणि एकदा फुंकली. नोनी जागची हलली नाही. मग तिनं पट्टा सोडला, भाता दाबला आणि तोच सूर दिला. दोन्ही एकच.

पॅकीनं फिडलची तार छेडली. ती वर होती. त्यानं पुन्हा छेडली, जणू दुसऱ्यांदा तरी वेगळं येईल. मार्टी बासरीकडे बघत लॉरीच्या चाकाला टेकला.  सभागृहात पुढचा बँड वाजवत होता, गॉलवेचा, गोड.

"मी तुला घरी बसवत होतो," पॅकी म्हणाला.

"बसवलं नाहीस ना अजून. सूर घे."

"आत्या, आपला जुना..."

"तो गेला. मीच घासला. सूर घे म्हणते ना."

तिनं भाता दाबून धरला. पॅकीनं हनुवटीखाली फिडल घेतली आणि खुंटी सैल केली. मार्टीनं बासरीचा सांधा ओढला, नखभर, मग आणखी नखभर. तार कुरकुरत खाली येत होती, आणि पॅकी दर वेळी त्याच जागी थांबत होता, जुन्याच्या जरा खाली, नव्याच्या जरा वर.

"अजून," नोनी म्हणाली.

"अजून?"

"अजून. तुझा कान तुला फसवतोय, त्याचं ऐकू नकोस. अजून थोडी. हां, तिथं थांब."